सर्व्हरवरील जुने कर्नेल : काय काढावे, काय राखावे

‘डिस्कवर जागा शिल्लक नाही’ असा संदेश सर्व्हरवर उमटला की बहुतेक कार्यालयांत पहिला संशय वापरकर्त्यांवर जातो. कोणीतरी मोठमोठ्या चित्रफिती साठवल्या असतील, कोणाची टपालपेटी फुगली असेल, बॅकअपच्या प्रती साचल्या असतील. प्रत्यक्ष तपासणीत मात्र अनेकदा मुख्य डिस्क निम्मी मोकळी आढळते. भरलेला असतो तो एरवी कोणाच्या नजरेस न पडणारा एक लहानसा कप्पा. आणि तो वापरकर्त्यांनी भरलेला नसून खुद्द कार्यप्रणालीने, आपल्याच जुन्या आवृत्त्या जपून ठेवत, भरलेला असतो. लिनक्सवर चालणारे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हा प्रसंग नवा नाही.

हा प्रश्न केवळ साफसफाईचा असता तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. पण हा कप्पा भरल्यानंतर सर्व्हर बंद पडत नाही. संकेतस्थळ उघडते, अर्ज भरले जातात, देयके निघतात. थांबतात ती फक्त सुरक्षा-अद्यतने, आणि ती थांबल्याची तक्रार करायला कोणीही येत नाही. ज्या कार्यालयात संगणक विभाग म्हणजे एकच कर्मचारी, आणि त्याच्याकडेही मुद्रकापासून हजेरीयंत्रापर्यंत सर्व कामे, तेथे अशी अवस्था महिनोन् महिने लक्षात येत नाही.

आपल्या देशात लिनक्सचा वापर किती दूरवर पोहोचला आहे, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘सी-डॅक’ने, अर्थात प्रगत संगणन विकास केंद्राने, विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय कार्यप्रणाली डेबियन या लिनक्स वितरणावर आधारलेली आहे. केरळमधील शाळांसाठी ‘काइट’ ही शासकीय संस्था पुरवते ती प्रणाली उबंटूवर, म्हणजे पुन्हा डेबियनच्याच शाखेवर, उभी आहे. भाड्याने घेतलेल्या क्लाउड सर्व्हरांपैकी बहुसंख्य सर्व्हरही लिनक्सवरच चालतात. म्हणून पुढील विवेचन प्रामुख्याने डेबियन आणि उबंटू यांना धरून केले आहे.

नवा आला तरी जुना जात नाही

कार्यप्रणालीचा गाभा म्हणजे कर्नेल. प्रक्रियक, स्मृती, डिस्क आणि जाळे यांच्यावर त्याचेच नियंत्रण असते. इतर सर्व कार्यक्रम त्याच्या परवानगीने चालतात. लिनुस तोरवाल्द्स यांनी १९९१ मध्ये जाहीर केलेला लिनक्स हा काटेकोर अर्थाने केवळ एक कर्नेलच होय. त्याभोवती हजारो कार्यक्रम रचून जी पूर्ण प्रणाली तयार होते तिला वितरण म्हणतात, आणि वितरणातील प्रत्येक घटक ‘पॅकेज’ या गाठोड्याच्या रूपात येतो.

सामान्य पॅकेज अद्ययावत होते तेव्हा नवी आवृत्ती जुनीची जागा घेते आणि जुनी नाहीशी होते. कर्नेलच्या बाबतीत तसे घडत नाही. डेबियन कुळात कर्नेलच्या पॅकेजच्या नावातच आवृत्तीचा क्रमांक गुंफलेला असतो. त्यामुळे ९१ क्रमांकाचा कर्नेल आणि ९२ क्रमांकाचा कर्नेल ही पॅकेज-व्यवस्थापकाच्या दृष्टीने दोन स्वतंत्र पॅकेजे ठरतात. दुसरे आले म्हणून पहिले हटत नाही. दोन्ही शेजारी-शेजारी नांदतात.

ही रचना गलथानपणाने झालेली नाही. नवा कर्नेल एखाद्या यंत्रावर सुरूच झाला नाही, जाळ्याचे कार्ड किंवा डिस्कचा नियंत्रक त्याला ओळखता आला नाही, तर यंत्र सुरू करतानाच्या ‘ग्रब’ या यादीतून जुना कर्नेल निवडून काम पुढे चालवता यावे, यासाठी जुना राखून ठेवलेला असतो. शिवाय जो कर्नेल या क्षणी चालू आहे त्याच्या फाइली पायाखालून काढून घेणे धोक्याचे असते. कर्नेलचा मुख्य भाग स्मृतीत असला तरी त्याचे अनेक उपभाग, ज्यांना मॉड्यूल म्हणतात, गरज पडेल तेव्हाच डिस्कवरून उचलले जातात. ते डिस्कवर नसतील तर सर्व्हर चालू राहील, पण बाहेरची डिस्क जोडताना किंवा फायरवॉलचा नवा नियम लागू करताना अचानक अडेल.

प्रत्येक कर्नेलबरोबर चार प्रकारचा ऐवज येतो. पहिली कर्नेलची मूळ फाइल, जी तुलनेने लहान असते. दुसरी आरंभीच्या क्षणी लागणारी ‘इनिट्रॅमएफएस’ ही संकुचित फाइल, जी काही दशक मेगाबाइटांपासून शंभराच्या पुढेही जाऊ शकते. या दोन्ही ‘बूट’ या डिरेक्टरीत बसतात. मॉड्यूल वेगळ्या ठिकाणी राहतात आणि काही शे मेगाबाइट घेतात. चौथा प्रकार ‘हेडर’ फाइलींचा. बाहेरचे ड्रायव्हर त्या कर्नेलसाठी तयार करायचे असतील तर त्या लागतात.

संपूर्ण डिस्क कूटबद्ध केलेल्या सर्व्हरांवर ‘बूट’साठी स्वतंत्र कप्पा पाडावा लागतो, आणि पूर्वीच्या काळी तो फारच लहान ठेवला जाई. समजा, हा कप्पा ५१२ मेगाबाइटांचा आहे आणि प्रत्येक कर्नेल तेथे १२० मेगाबाइट घेतो. चार कर्नेल बसले की कप्पा भरत आला. उबंटूवर कर्नेलची अद्यतने काही आठवड्यांच्या अंतराने येत राहतात. जानेवारी २०१८ मध्ये प्रक्रियकांमधील ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ हे दोष जाहीर झाले, तेव्हा तर दुरुस्त्या एकामागून एक आल्या. कोणी लक्ष दिले नाही तर असा कप्पा भरायला वर्षही लागत नाही.

कप्पा भरल्यावर काय होते

नव्या कर्नेलचे पॅकेज उतरवले जाते, त्याच्या फाइली ठेवल्या जातात, आणि शेवटी इनिट्रॅमएफएस तयार करण्याची वेळ येते. ही फाइल आधी तात्पुरत्या नावाने नवी लिहिली जाते आणि पूर्ण झाल्यावरच जुनीची जागा घेते. म्हणजे अस्तित्वात असलेल्या कर्नेलची फाइल नव्याने बनवायची असली तरी काही काळ दोन्ही प्रतींपुरती जागा लागते. ती नसली की काम मध्येच तुटते. पॅकेज ‘अर्धवट बसवलेले’ म्हणून नोंदले जाते.

येथून खरी कोंडी सुरू होते. डेबियन कुळातील ‘अ‍ॅप्ट’ हा पॅकेज-व्यवस्थापक अर्धवट अवस्थेतील पॅकेज आधी निस्तरल्याशिवाय पुढचे काम करीत नाही. निस्तरायचे तर इनिट्रॅमएफएस बनवायला हवी. ती बनवायला जागा हवी. जागा करायला जुना कर्नेल काढायला हवा. आणि तो काढण्याची विनंतीही अ‍ॅप्ट याच कारणाने नाकारतो. कर्नेलचेच नव्हे, तर संकेतस्थळ चालवणाऱ्या किंवा दुरून प्रवेश देणाऱ्या कार्यक्रमांचे अद्यतनही याच रांगेत अडकून पडते.

या अडकण्याची किंमत काय असू शकते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काऊ’ या नावाने ओळखला जाणारा दोष जाहीर झाला. तो लिनक्स कर्नेलमध्ये २००७ पासून होता. सर्व्हरवर साधे खाते असलेली व्यक्ती, किंवा संकेतस्थळातील एखाद्या फटीतून आत शिरलेला हल्लेखोर, त्याच्या आधारे संपूर्ण यंत्राचा प्रशासक होऊ शकत असे. दुरुस्ती तत्काळ उपलब्ध झाली; पण ती कर्नेलमध्ये होती आणि नवा कर्नेल बसवल्याशिवाय मिळणार नव्हती. ज्या सर्व्हरच्या बूट कप्प्यात जागा नव्हती, तेथे स्वयंचलित अद्यतने चालू असूनही ती पोहोचू शकत नव्हती.

जागा असून जागा नाही

क्वचित याहून चकवणारी स्थिती उद्भवते. डिस्कची मोजदाद करणारी ‘डीएफ’ ही आज्ञा दिली तर तीस-चाळीस टक्के जागा मोकळी दिसते, तरीही प्रणाली जागा नसल्याचे सांगत राहते. याचे कारण बहुधा ‘आयनोड’ संपलेले असणे हे असते. लिनक्सच्या प्रचलित ‘ईएक्सटी-४’ या फाइल-रचनेत प्रत्येक फाइलसाठी एक नोंदक्रमांक लागतो आणि त्यांची एकूण संख्या कप्पा तयार करतानाच ठरते. वहीची पाने कोरी असली तरी अनुक्रमणिका भरली की नवे प्रकरण घालता येत नाही, तसाच हा प्रकार. हेडर फाइलींचा स्वभाव येथे बाधतो. त्या आकाराने क्षुल्लक असतात, पण एका कर्नेलच्या हेडरांत हजारो लहान फाइली असतात. दहा-बारा जुन्या कर्नेलांचे हेडर साचले की लहान डिस्कवरील नोंदक्रमांक संपू शकतात. म्हणून डीएफ आज्ञा दोनदा द्यावी : एकदा जागेसाठी ‘एच’ या पर्यायासह आणि एकदा नोंदक्रमांकांसाठी ‘आय’ या पर्यायासह.

काढण्याची रीत

सर्वप्रथम सध्या कोणता कर्नेल चालू आहे ते ‘युनेम’ या आज्ञेने, तिला ‘आर’ हा पर्याय जोडून, पाहावे आणि कागदावर लिहून ठेवावे. बसवलेल्यांपैकी सर्वांत नवा तोच चालू असेल, असे गृहीत धरू नये. नवा कर्नेल यंत्र पुन्हा सुरू केल्यावरच अमलात येतो, आणि वर्षभर एकदाही बंद न झालेल्या सर्व्हरचा अभिमान बाळगणाऱ्या कार्यालयात चालू कर्नेल तेवढाच जुना असतो. चालू असलेला आणि सर्वांत नवा असे दोन्ही राखायचे. ते एकच असतील तर त्यामागचा आणखी एक, सुस्थितीत चाललेला कर्नेल राखायचा. बाकीचे काढण्यास हरकत नसते.

एरवीच्या परिस्थितीत ‘अ‍ॅप्ट ऑटोरिमूव्ह’ ही आज्ञा हे काम स्वतः करते. कोणते पॅकेज प्रशासकाने मागून बसवले आणि कोणते दुसऱ्या पॅकेजची गरज म्हणून आपोआप आले, याची नोंद अ‍ॅप्टकडे असते. आपोआप आलेली आणि आता कोणालाच नको असलेली पॅकेजे ती काढून टाकते. चालू कर्नेल आणि सर्वांत अलीकडचे कर्नेल यांना ती हात लावत नाही. आज्ञेला ‘पर्ज’ हा पर्याय जोडला तर मागे उरलेल्या मांडणीच्या फाइलीही जातात.

तरीही ही आज्ञा डोळे मिटून देऊ नये. काय काढले जाणार याची यादी ती आधी दाखवते, आणि ‘सिम्युलेट’ या पर्यायाने काहीही न काढता केवळ तालीमही करता येते. यादी वाचण्याचा कंटाळा हेच या कामातील अपघातांचे मोठे कारण असावे. वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका कार्यक्रमाबरोबर आपोआप आलेले एखादे पॅकेज आज कार्यालयाच्या स्वतःच्या कार्यक्रमाला लागत असते. मूळ कार्यक्रम काढला गेला की अ‍ॅप्टच्या लेखी ते निराधार ठरते. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे. असे पॅकेज यादीत दिसले तर ‘अ‍ॅप्ट-मार्क’ या आज्ञेने ते ‘हाताने बसवलेले’ म्हणून नोंदवावे; मग ते सुरक्षित राहते. उलट बाजूही आहे. कोणी एखाद्या कर्नेलचे पूर्ण नाव टंकून तो बसवला असेल, तर तो ‘हाताने बसवलेला’ म्हणून कायमचा राहतो आणि ऑटोरिमूव्ह त्याच्याकडे पाहत नाही. नियमित साफसफाई चालू असूनही कर्नेल साचत असतील तर बहुधा हेच कारण सापडते.

हाताने निवडून काढायचे झाल्यास दोन सापळे टाळावेत. पहिला क्रमाचा. फाइलींची यादी साध्या वर्णानुक्रमाने लावली तर १०१ क्रमांक ९१ च्या आधी येतो, कारण संगणक पहिले अक्षर पाहतो आणि एक हा नवाच्या आधी असतो. ‘वरचे ते जुने’ असे समजून यादीतील पहिली दोन नावे काढणाऱ्याच्या हातून नेमके सर्वांत नवे कर्नेल जातात. ‘एलएस’ आज्ञेला ‘व्ही’ हा पर्याय दिला की आवृत्तीच्या खऱ्या क्रमाने यादी मिळते.

दुसरा सापळा अधिक घातक आहे, कारण त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. उबंटूवर ‘लिनक्स-इमेज-जेनेरिक’ या नावाचे एक पॅकेज असते. त्याच्या नावात क्रमांक नसतो आणि त्यात स्वतःचा असा काही ऐवजही नसतो. ‘नवीनतम कर्नेल हवा’ एवढीच मागणी ते अ‍ॅप्टकडे नोंदवून ठेवते. डेबियनवर अशाच प्रकारच्या पॅकेजच्या नावात यंत्राच्या जातीचा उल्लेख असतो. जागा घेत नसलेले हे पॅकेज अडगळ समजून काढले, किंवा ते ज्याच्यावर अवलंबून असते तो नवा कर्नेल काढताना तेही गेले, तर सर्व्हर सुरळीत चालतो, इतर अद्यतनेही येतात. नवा कर्नेल मात्र पुन्हा कधीच येत नाही. जागा मोकळी करण्याच्या भरात सुरक्षेचा रस्ताच बंद होतो. साफसफाईनंतर हे पॅकेज जागेवर आहे ना, हे पाहण्यास अर्धा मिनिटही लागत नाही.

आणि कोंडी झालेलीच असेल तर? अशा वेळी अ‍ॅप्टला बाजूला ठेवून त्याच्या खालच्या पातळीवर काम करणाऱ्या ‘डीपीकेजी’ या साधनाने एक निश्चित जुना कर्नेल काढून पाहावा; त्याच्यावर अवलंबून असलेली पॅकेजे आधी काढावी लागू शकतात. तेही जमले नाही तर चालू नसलेल्या जुन्या कर्नेलची इनिट्रॅमएफएस फाइल मुख्य डिस्कवर तात्पुरती हलवावी. मोकळ्या झालेल्या जागेत ‘अ‍ॅप्ट फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल’ या आज्ञेने अर्धवट काम पूर्ण होऊ द्यावे आणि नंतर ज्याची फाइल हलवली तो कर्नेल रीतसर काढावा. बूट डिरेक्टरीतील फाइली थेट पुसून टाकण्याचा सल्ला अनेक ठिकाणी दिला जातो. त्याने जागा होते हे खरे. परंतु पॅकेज-व्यवस्थापकाच्या दप्तरी तो कर्नेल अजून हजर असतो, पुढच्या अद्यतनाच्या वेळी त्याची फाइल पुन्हा तयार होऊ शकते, आणि ग्रबच्या यादीत न उठणारी नोंद तशीच राहते.

रेड हॅट आणि फेडोरा यांच्या कुळात हा प्रश्न मुळातच सौम्य आहे. तेथील ‘डीएनएफ’ या पॅकेज-व्यवस्थापकाच्या मांडणीत किती कर्नेल एकत्र राहू द्यायचे याची मर्यादा असते आणि ती सामान्यतः तीन ठेवलेली असते. चौथा आला की सर्वांत जुना आपोआप निघून जातो; चालू असलेला मात्र कधीही काढला जात नाही. डेबियन कुळानेही आपल्या स्वयंचलित अद्यतनांत न लागणारे कर्नेल काढण्याची सोय केली आहे, परंतु अनेक वर्षांपूर्वी बसवलेल्या आणि केवळ वरवर अद्ययावत होत आलेल्या सर्व्हरांवर ती चालू आहे का, हे तपासूनच ठरवावे लागते.

जे पुसू नये

कर्नेल सोडून इतर ठिकाणीही जागा सहज मिळते. उतरवलेल्या पॅकेजांच्या प्रती ‘अ‍ॅप्ट क्लीन’ने निर्धोकपणे जातात. ‘डॉकर’ वापरणाऱ्यांकडे निरुपयोगी प्रतिमांचा ढीग असतो आणि बहुधा तोच सर्वांत मोठा निघतो. या सर्वांत प्रशासकाचा हात सर्वप्रथम वळतो तो नोंदवह्यांकडे, म्हणजे लॉग फाइलींकडे. आणि तेथेच थांबण्याची गरज आहे.

भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, अर्थात ‘सर्ट-इन’ने, २८ एप्रिल २०२२ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्यान्वये दिलेल्या निर्देशांनुसार सेवापुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि शासकीय संस्थांनी आपल्या माहिती व दूरसंचार प्रणालींच्या लॉग नोंदी १८० दिवस सुरक्षित राखणे बंधनकारक आहे. सायबर घटनेची माहिती ६ तासांच्या आत कळवण्याचे बंधनही त्याच निर्देशांत आहे. जागा नाही म्हणून गेल्या तीन महिन्यांच्या नोंदी पुसून टाकणारे कार्यालय नियमभंग तर करतेच, शिवाय उद्या घुसखोरी उघडकीस आली तर ती केव्हा आणि कोठून झाली हे शोधण्याचे साधनही गमावते. नोंदी दाबून संकुचित कराव्यात, दुसऱ्या सुरक्षित यंत्रावर हलवाव्यात. नष्ट करू नयेत. ‘जर्नल’च्या नोंदींना ठरावीक आकारापर्यंत छाटण्याची आज्ञा सोयीची आहे, पण तीही या १८० दिवसांचा हिशेब करूनच द्यावी.

लॉग पुसूनही जागा का वाढली नाही, असे कोडे अनेकांना पडते. एखादा कार्यक्रम ती फाइल उघडी धरून बसला असेल तर नाव यादीतून जाते, पण जागा सुटत नाही. तो कार्यक्रम पुन्हा सुरू केल्यावरच ती परत मिळते.

साफसफाई आटोपली की शेवटचे काम उरते ते सर्व्हर पुन्हा सुरू करण्याचे, आणि ते कचेरीच्या वेळेबाहेर, पूर्वसूचना देऊन व बॅकअपची खात्री करूनच करावे. भौतिक सर्व्हर दुसऱ्या शहरातील डेटा सेंटरमध्ये असेल तर दुरून त्याच्या पडद्यापर्यंत पोहोचण्याची सोय चालू आहे का, हे आधी पाहावे. अन्यथा ग्रबच्या यादीतून जुना कर्नेल निवडायला माणूस पाठवावा लागेल. यंत्र उठल्यावर युनेम आज्ञा पुन्हा द्यावी आणि आलेला क्रमांक आरंभी कागदावर लिहिलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. नवा कर्नेल बसवलेला असूनही दोन्ही क्रमांक सारखेच आले, तर ग्रबची यादी जुन्याच कर्नेलवर अडकलेली आहे आणि काम अजून पूर्ण झालेले नाही.